मेणबत्त्यांची झुडपं, साखरेची झाडं आणि सातबारा भलत्याच्याच नावावर : गॅलिपोलिसची गोष्ट

ओहायोकर (धागाकर्ता)

कोलंबसहून दक्षिणेला दोन तास गाडी हाकली की ओहायो नदीच्या काठी गॅलिपोलिस नावाचं गाव लागतं. स्थानिक लोक शेवटचं अक्षर लांबवतात, 'गॅलिपोलीऽस'. आम्ही निघालो होतो वेस्ट व्हर्जिनियाला, पोराला भूक लागली म्हणून थांबलो. नदीला लागून ऐसपैस चौक आहे. हिरवळ, बाकं, कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं. पोरगं सँडविच खात होतं आणि मी तिथली माहितीची पाटी वाचत होतो. ती वाचल्यापासून तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही. बायको म्हणते, धागा काढ आणि मोकळा हो. म्हणून हा प्रपंच.

त्या हिरवळीवर १७९० च्या ऑक्टोबरात ८० लाकडी खोपटी उभी होती. चार रांगा, एकेका रांगेत वीस, कोपऱ्यांवर बुरूज. त्यांत राहायला आले कोण? पॅरिसचे घड्याळजी, सोनार, विग बनवणारे, लाकडावर कोरीवकाम करणारे, बग्ग्यांना सोनेरी मुलामा देणारे. कुऱ्हाड हातात धरलेला माणूस विरळाच. प्रत्येकाच्या पेटीत मात्र जमिनीचं खत होतं, सहीशिक्क्यासकट. आणि त्या खतातली जमीन विकणाऱ्याची नव्हतीच.

मागची गोष्ट अशी. स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा नव्या देशाच्या तिजोरीत खडखडाट, पण ओहायो नदीच्या पलीकडे जमीन अफाट (कोणाची, ते पुढे बोलूच). १७८६ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या एका खानावळीत रुफस पटनम वगैरे जुन्या सैनिकांनी ओहायो कंपनी काढली. १७८७ च्या उन्हाळ्यात तिच्या वतीने मनासे कटलर नावाचे पाद्री न्यूयॉर्कला काँग्रेसकडे गेले. सौदा अडला. तेव्हा विल्यम ड्युअर नावाचा गृहस्थ पुढे आला. हा ट्रेझरी बोर्डाचा सचिव, म्हणजे जमीन विकणाऱ्या खात्यातलाच माणूस. तो म्हणाला, मागणी मोठी करा, माझी मंडळी आत घ्या, काम होतंय. झालं! सुमारे ५० लाख एकरांचा सौदा ठरला. त्यातली १५ लाख एकर ओहायो कंपनीची, बाकीची ड्युअर मंडळींच्या सट्ट्यासाठी. हीच ती सायोटो कंपनी.

भाव पाहा. एकरी १ डॉलर, त्यात पडीक जमिनीपोटी तिसऱ्या हिश्शाची सूट, आणि पैसे द्यायचे सरकारी कर्जरोख्यांत, जे बाजारात मातीमोल झाले होते. रोख हिशेबाने एकरी ८-९ सेंट पडले.

सायोटोवाल्यांनी तर तेवढेही भरले नाहीत. त्यांच्याकडे होता फक्त पुढे विकत घेण्याचा हक्क. तो हक्क युरोपात खपवायला १७८८ साली जोएल बार्लो नावाचा कवी पॅरिसला धाडला (कवीला प्लॉट विकायला पाठवणारा देश पुढे महासत्ता झाला, नोंद घ्यावी). वर्षभर त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मग त्याला विल्यम प्लेफेअर नावाचा चलाख साथीदार भेटला. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, बास्तीयचा तुरुंग पडून तीन आठवडे झालेले असताना, पॅरिसमध्ये कंपनी उघडली. ३० लाख एकर, भाव एकरी ६ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). म्हणजे डॉलरहून थोडा वरच.

आणि ते माहितीपत्रक! हिवाळ्यात बर्फ जेमतेम. नदीचं नावच मुळी 'सुंदरी', तिच्यात हे एवढाले मासे. झाडं अशी की त्यांतून साखर पाझरते, झुडपं अशी की तयार मेणबत्त्या देतात. लांडगा, वाघ, सिंह काही नाही. कर नाही, सक्तीची सैन्यभरती नाही. पॅरिसात पावाला रांगा लागल्या होत्या आणि गिऱ्हाइकं संपली होती, अशा वेळी विग बनवणाऱ्याने हे वाचून काय करावं?

पाचेकशे माणसं निघाली. १७९० च्या मे महिन्यात व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उतरली, तर घ्यायला कोणी नाही. काही तिथूनच न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला पांगली. बाकीच्यांची ओरड वाढल्यावर ड्युअरने गाड्यांची सोय केली आणि पटनमकडून खोपटी बांधून घेतली. डोंगर ओलांडून ही मंडळी पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

पुढे मोजणी झाली आणि कळलं की गाव सायोटोच्या हक्काच्या हद्दीतसुद्धा नाही, ते ओहायो कंपनीच्या जमिनीवर बसलंय.

इथे थांबतो, जेवायचंय.

निळावंती

वाचनखूण साठवली. 'जेवायचंय' काय, क्रमशः टाकायची पद्धत आहे की नाही?

गुंठामंत्री

ओहायोकर, हे वाचून मामांची आठवण झाली. ९४ साली त्यांनी हायवेलगत 'बंगलो प्लॉट' घेतला. ब्रोशरवर कारंजं आणि घोडा. प्रत्यक्ष गेलो तर बाभळी आणि दुसऱ्याची तूर. ज्याने विकला त्याच्याकडे मूळ मालकाशी केलेलं साठेखत होतं, तेही मुदत संपलेलं. मामा वर्षानुवर्षं तारखांना जात राहिले.

थोडक्यात हाच प्रकार. सायोटोकडे होता तो विसार. विसारपावतीवर खरेदीखत करून देता येत नाही. पहिल्यांदा बार्लोने सरकारचे पैसे भरायचे, नावावर जमीन करून घ्यायची, मग तुकडे पाडायचे. त्याने उलटं केलं. पॅरिसच्या कंपनीला थेट खतं करून द्यायची मुभा दिली, या भरवशावर की येणाऱ्या पैशांतून तिकडचा हप्ता भरू. 'गिऱ्हाइकाच्या पैशात मालकाला देऊ' हा धंदा तेव्हापासून तसाच चालू आहे.

एक प्रश्न : पैसे गेले कुठे?

कोष्टक

थांबा थांबा. विल्यम प्लेफेअर? तोच का हा? मी रोज ऑफिसात ज्याचं खातो तो?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : रेषालेख आणि स्तंभालेख या माणसाने १७८६ साली छापले आणि १८०१ मध्ये पाय चार्टही आणला. आधी जेम्स वॉटकडे आराखडे काढायला होता. भाऊ जॉन प्लेफेअर नामांकित गणिती. आणि हे महाशय मधल्या काळात पॅरिसला बसून ओहायोतली जमीन विकत होते! उद्याच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. आमच्याकडेही दर तिमाहीला त्याच्या आलेखांवर जंगलातले प्लॉटच दाखवतात.

ओहायोकर (धागाकर्ता)

@कोष्टक, तोच. @गुंठामंत्री, पैसे अमेरिकेला पोचले नाहीत एवढं नक्की. प्लेफेअरने ढापले असा आरोप झाला. इकडे ड्युअर मात्र पैसे आलेच असं धरून बार्लोच्या नावाने हुंड्या काढत बसला, त्या न वटता परत आल्या. मला बार्लो लबाडापेक्षा भोळा वाटतो. नंतर तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, नेपोलियनला भेटायला निघाला आणि १८१२ च्या डिसेंबरात, रशियातून ती प्रसिद्ध माघार चालू असताना, पोलंडमध्ये थंडीने आजारी पडून वारला.

निळावंती

भोळा? ज्याने ५०० माणसं समुद्रापार जंगलात धाडली तो भोळा? असे भोळे आमच्या सोसायटीत दोन आहेत.

मोजणीदार

सेवानिवृत्त आहे, भूमी अभिलेखमध्ये ३१ वर्षं काढली. ओहायोकर, तुम्ही मोजणीचं एका ओळीत उरकलंत, म्हणून थोडी भर घालतो.

१७८५ च्या कायद्याने तिकडे जमीन चौकटीत मोजायला घेतली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. सोळावा भाग शाळेसाठी राखीव. (राखीव ठेवायचंच तर शाळेसाठी, हे मला आवडलं.) मोजायला गुंटरची साखळी, ६६ फुटांची. ८० साखळ्या म्हणजे मैल, १० चौरस साखळ्या म्हणजे एकर.

आता गंमत बघा. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे त्याची बाजू बरोब्बर अर्धी गुंटर साखळी. आमची जुनी शंकू साखळीही ३३ फुटांचीच, १६ आण्यांची. मी सिन्नरच्या बांधावर उभा राहून ओढली ती साखळी आणि ओहायोतली ती, दोन्ही एकाच विलायती घराण्यातल्या.

मुद्दा असा की सौदा झाला तेव्हा ही चौकट नदीच्या वरच्या अंगाला काही पट्ट्यांपुरतीच आखली गेली होती. बाकीची हद्द कागदावर : 'अमुक पट्ट्याची रेघ नदीला मिळेल तिथपर्यंत'. रेघ नदीला कुठे मिळते ते साखळी फिरल्याशिवाय कळत नाही, आणि नदी तर वळणं घेत जाते. मोजणीआधी गाव बसवलं की असंच होतं. आमच्याकडेही लोक आधी कुंपण घालायचे आणि मग मोजणीचा अर्ज करायचे.

रानवाटा

सगळं ठीक. पण 'कोणाची, ते पुढे बोलूच' म्हणून ओहायोकर जेवायला गेले, ते अजून आले नाहीत.

शॉनी, मायामी, लेनापे, वायंडॉट या तिथल्या आदिवासींचं म्हणणं सरळ होतं : १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्सच्या करारात ओहायो नदी ही हद्द ठरली, नदीच्या उत्तरेला आमची जमीन. ब्रिटिश हरले म्हणून अमेरिकेने ती जिंकल्यासारखी धरली. १७८५ आणि १७८६ साली मूठभर लोकांच्या निशाण्या घेऊन करार उरकले, बाकीच्यांनी ते कधीच मानले नाहीत. म्हणजे साखळी अशी : काँग्रेसने विकली शॉनींची जमीन, ड्युअरने विकला काँग्रेसकडचा विसार, बार्लोने विकला ड्युअरचा विसार, आणि प्लेफेअरने विकल्या मेणबत्त्या.

पानिपतकर

@रानवाटा ताई, आजचे चष्मे लावून अठराव्या शतकाकडे पाहायचं का? तेव्हा जगभर हेच चाललं होतं.

रानवाटा

आजचा चष्मा कशाला हवा, दादा? त्यांनी तेव्हाच हरकत घेतली होती, तीही बंदुकीने. १७९० च्या ऑक्टोबरात, म्हणजे ही फ्रेंच मंडळी खोपट्यांत शिरत होती त्याच महिन्यात, अमेरिकेच्या जनरल हार्मरची फौज मार खाऊन परतली. ४ नोव्हेंबर १७९१ ला तर जनरल सेंट क्लेअरचे ६०० हून अधिक सैनिक एका सकाळी पडले. समोर होते मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट. तेव्हाच्या आदिवासींना हा सौदा मान्य नव्हता, हे तेव्हाच्या सैन्याला चांगलंच कळलं.

पानिपतकर

हा मुद्दा मान्य. ६०० आकडा माहीत नव्हता.

ओहायोकर (धागाकर्ता)

रानवाटा, कान धरले. आणि याचा गॅलिपोलिसशी थेट संबंध आहे. या लढायांमुळे चार वर्षं गावकऱ्यांना खोपट्यांपासून लांब जाऊन शेत करायचीही भीती. १७९४ च्या ऑगस्टमध्ये फॉलन टिंबर्सची लढाई झाली, पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलचा तह, तेव्हा कुठे ती भीती ओसरली. तहात दक्षिण आणि पूर्व ओहायोचा मोठा भाग त्या लोकांच्या हातून गेला, हेही लिहून ठेवतो.

झाडं तोडण्याचे किस्से तिकडच्या जुन्या स्थानिक इतिहासांत येतात. चार-पाच जण एकाच झाडाला चहूबाजूंनी कुऱ्हाडी घालायचे, बाकीचे दोर बांधून ओढायचे. झाड पडलं की त्या ओंडक्याचं करायचं काय, कळेना. मग शेजारी लांब खड्डा खणायचा आणि झाड पुरून टाकायचं! कोकणातल्या कोणालाही विचारा, खड्डा खणण्यापेक्षा जाळणं सोपं. पण पॅरिसच्या मुलामेवाल्याला कोण सांगणार.

१७९६ साली व्होल्नी नावाचा फ्रेंच प्रवासी मुद्दाम हे गाव बघायला गेला. चुन्याने पांढरी केलेली, चिखलाने लिंपलेली लाकडी घरं आणि फिकुटलेले चेहरे त्याने पाहिले. माहितीपत्रकातल्या मेणबत्त्या आणि साखर आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्याच लिखाणातून.

सदाशिव_पेठी

सर्व वाचले. दोन शंका.
१) ड्युअरला शिक्षा झाली का?
२) गावकऱ्यांना भरपाई मिळाली का? मिळाली असल्यास कोणत्या दराने?

गुंठामंत्री

पेठेतून दर विचारला नसता तर धाग्याला मोक्ष नव्हता.

ओहायोकर (धागाकर्ता)

१) ड्युअर मधल्या काळात अर्थमंत्री हॅमिल्टनच्या हाताखाली अर्थखात्यात सहायक सचिव झाला होता. १७९२ च्या मार्चमध्ये त्याचा रोख्यांचा सट्टा कोसळला, न्यूयॉर्कचा बाजार घेऊन बुडाला, आणि हा कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला. १७९९ साली वारला. पण तुरुंग कर्जासाठी, गॅलिपोलिससाठी नव्हे. अवांतर : हा ड्युअर तरुणपणी बंगालमध्ये क्लाइव्हच्या हाताखाली होता, हवा मानवली नाही म्हणून परत पाठवला. शिक्षण कुठे झालं ते समजून घ्या.

२) फ्रेंचांनी काँग्रेसकडे अर्ज केला. मार्च १७९५ मध्ये २४,००० एकर मंजूर झाले. त्यातले ४,००० झेर्व्हे नावाच्या एका माणसाला, उरलेले २०,००० बाकी ९२ जणांत. म्हणजे माणशी सुमारे २१७ एकर. पण कुठे? नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या सायोटो काउंटीत, आणि तिथे जाऊन राहण्याची अट. पाच वर्षं राबून एक जंगल साफ केलेलं, आता दुसरं करा! फार थोडे गेले.

ज्यांना गॅलिपोलिसमध्येच राहायचं होतं त्यांनी आपली परसं ओहायो कंपनीकडून पुन्हा विकत घेतली. एकरी सव्वा डॉलर. पॅरिसमध्ये एकदा पैसे मोजून झाले होते, आता दुसऱ्यांदा.

सदाशिव_पेठी

म्हणजे दुसऱ्यांदा मोजलेला दर पहिल्यापेक्षा जास्त. आभारी आहे.

निळावंती

'परसं पुन्हा विकत घेतली' इथे मी थांबले. पाच हिवाळे काढलेल्या घराची, स्वतः लावलेल्या भाजीच्या वाफ्याची कोणीतरी पावती मागतंय. बाकी आकडे विसरेन, हे नाही.

दक्षिणवारा

अलाबामात सात वर्षं काढली, तिथली एक जोड गोष्ट. नेपोलियन पडल्यावर त्याचे परागंदा सरदार आणि सँ-दोमिंगहून (आजचं हैती) आलेले फ्रेंच यांनी काँग्रेसकडे जमीन मागितली. १८१७ च्या मार्चमध्ये चार टाउनशिपा मंजूर. ९२,१६० एकर, एकरी २ डॉलर, मुदत १४ वर्षं. अट : द्राक्षवेली आणि ऑलिव्ह लावायचे. टॉमबिगबी आणि ब्लॅक वॉरियर नद्यांच्या संगमाजवळ त्यांनी डिमॉपोलिस गाव बसवलं. मग मोजणी झाली.

आणि गाव निघालं हद्दीबाहेर! खोपटी सोडून पुढे सरकले, एगलव्हिल नावाचं दुसरं गाव बसवलं. ऑलिव्ह थंडीने मेले, द्राक्षं काही लागेनात. बहुतेकांनी हक्क विकून काढता पाय घेतला आणि जमिनीवर कापूस आला, कापसाबरोबर गुलाम आले. डिमॉपोलिस मात्र अजून आहे.

मोजणीदार

दोन्हीकडे मोजणी नंतरच! मी काय सांगत होतो?

हूजियर_आजी

आमच्या इंडियानाची बाजू कोणीच मांडत नाही म्हणून टंकते, बोटं हळू चालतात. सगळेच फसले नाहीत. जॉन जेम्स दुफूर नावाचा स्विस द्राक्षवाला आधी केंटकीत गेला, तिथे वेली रोगाने गेल्या. मग १८०२ साली काँग्रेसकडून त्याने ओहायो नदीकाठी सुमारे २,५०० एकर उधारीवर मिळवले, पैसे १८१४ पर्यंत द्यायचे. भाऊबंद बोलावले. तिथे व्हेव्हे गाव उभं राहिलं. द्राक्षाची एकच जात टिकली, तिची वाइन करून विकली. काउंटीचं नावही स्वित्झर्लंड.

मला फरक असा दिसतो की दुफूर सरकारकडे स्वतः गेला, मध्ये दलाल नाही, आणि आणलेली माणसं आधीपासून बागायतदार. माझे यजमान तिथल्या वाइनला औषधाची चव आहे म्हणायचे, पण ते कशालाही तसंच म्हणायचे.

पानिपतकर

मग सरकारने हेच का नाही चालू ठेवलं? एकेका समाजाला एकेक तुकडा द्यायचा, ते वस्ती करतील.

रानवाटा

१८१८ मध्ये आयरिश लोकांच्या संघटनांनी नेमकं हेच मागितलं होतं, इलिनॉयमध्ये, उधारीवर. काँग्रेसने नकार दिला. एका देशाच्या लोकांची वेगळी वस्ती सरकारी मदतीने नको, ही भूमिका पक्की होत गेली. त्यानंतर ज्याला हवी त्याने जमिनीच्या कचेरीत जाऊन लिलावात घ्यावी. १८२० पासून तर उधारीच बंद : रोख सव्वा डॉलर एकरी, कमीत कमी ८० एकर.

कोष्टक

मीटिंगमध्ये प्लेफेअर सांगितला. साहेब म्हणाले, 'पण आलेख चांगले होते ना?' विषय संपला.

जर्सीची_कमळा

उशिरा आले. सगळे मेणबत्तीच्या झुडपाला हसताय, पण ते खरं आहे हो. बेबेरी म्हणतात. आमच्याकडे समुद्राकाठच्या वाळूत रानटी वाढतं, राखाडी बारीक फळं, वर मेणाचा थर. मागच्या शरदात मी आणि लेकीने हौस म्हणून परातभर फळं तोडून उकळली. गार झाल्यावर वर हिरवट पापुद्रा आला, तो काढून वितळवला तर वाटीच्या तळाशी बोटभर मेण. वास छान. त्यात देवापुढची वात जेमतेम घटकाभर जळली.

साखरेचं झाडही खरंच की, मेपल. चाळीस लिटर रस आटवा तेव्हा लिटरभर पाक.

फक्त बेबेरी ही अटलांटिकच्या काठची. ओहायोकर, तुमच्या त्या गॅलिपोलिसला दिसली का कुठे?

ओहायोकर (धागाकर्ता)

नाही दिसली, कमळाताई. चौकात मॅग्नोलिया पाहिल्यासारखा आठवतो. पुढच्या महिन्यात परत जातोय, तेव्हा नीट शोधतो.